खाण लागली की ओढ्याचं काय होतं

खाणीमुळे ओढ्याचं पाणी घटलं की वाढलं, असा प्रश्न टाकला की वाद ठरलेला. एक बाजू वर्षभराचा हिशोब मांडून दाखवते की ओढ्यातून आधीपेक्षा जास्त पाणी वाहिलं. दुसरी बाजू सांगते की बारमाही वाहणारा ओढा आता पाऊस सरल्यावर दोन महिन्यांत कोरडा पडतो. बऱ्याचदा दोघांचंही खरं असतं. जे पाणी जमिनीत मुरून महिनोन्‌महिने पाझरत राहायचं, तेच आता पावसाबरोबर एका दमात निघून जातं. वर्षाची बेरीज फुगते आणि कोरड्या दिवसांतला ओढा मरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खाणीचा परिणाम पाहताना वार्षिक सरासरीच्या मागे लागू नये. पाऊस थांबल्यावर ओढा कसा ओसरतो, ते पाहावं.

पाऊस थांबून पाच-सहा दिवस झाले की लहान पाणलोटात जमिनीवरून येणारं पाणी संपलेलं असतं. त्यानंतर ओढ्यात जे वाहतं ते भूजलातून पाझरलेलं, म्हणजे पायाप्रवाह. रोज एकाच वेळी मोजमाप घेतलं आणि आजच्या प्रवाहाला कालच्या प्रवाहाने भागलं, तर येणारं गुणोत्तर बरेच दिवस साधारण एकाच आकड्याभोवती राहतं. समजा ते 0.98 आहे. मग सेकंदाला 100 लिटर वाहणारा ओढा 34 दिवसांनी निम्म्यावर येतो आणि 60 दिवसांनीही त्यात सुमारे 30 लिटर असतात. गुणोत्तर 0.95 झालं तर तोच ओढा 14 दिवसांच्या आतच निम्म्यावर येतो आणि 60 दिवसांनी 5 लिटरसुद्धा उरत नाहीत. रोज दोन टक्के घट की पाच टक्के घट, कागदावर फरक किरकोळ वाटतो. ओढ्याच्या डोहातल्या माशांसाठी तो जगण्यामरण्याचा असतो. प्रत्यक्षात हे गुणोत्तर शेवटपर्यंत अगदी तंतोतंत स्थिर राहत नाही, ओसरण पुढे पुढे मंदावते. पण खाणीआधीच्या आणि नंतरच्या ओसरणाची तुलना करायला एवढं पुरेसं आहे.

वरचा थर हरवतो तेव्हा

खाणकामात पहिली जातात झाडं. झाडं गेली की बाष्पोत्सर्जन थांबतं आणि जमिनीत जास्त ओल राहते. सुरुवातीला ओढ्यात थोडं जास्त पाणी दिसतं ते यामुळे. मग वरची माती खरवडली जाते आणि डंपर-डोझरची ये-जा सुरू होते. खरं नुकसान इथे होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

जंगलातल्या सुट्या मातीची घनता घनसेंटिमीटरला साधारण 1.1 ते 1.3 ग्रॅम असते. अवजड यंत्रांखाली दाबलेल्या, खाणीनंतर पसरलेल्या मातीची 1.6 ते 1.8 पर्यंत जाते. मातीच्या कणांची स्वतःची घनता 2.65 धरली तर 1.2 घनतेच्या मातीत 55 टक्के पोकळी असते आणि 1.7 च्या मातीत 36 टक्के. पोकळी तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली एवढंच यातून कळतं. पण आधी चिरडली जातात ती मोठी छिद्रं, म्हणजे मुळांच्या वाटा, गांडुळांची बिळं, भेगा. जोराच्या पावसाचं पाणी खाली न्यायचं काम हीच छिद्रं करतात. त्यामुळे पाणी मुरण्याचा वेग पोकळीच्या कितीतरी पट जास्त घसरतो.

एका पावसाचा हिशोब करून पाहू. पावसातलं किती पाणी वाहून जाईल याचा अंदाज देणाऱ्या कर्व्ह नंबर पद्धतीत (आकडा जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं) चांगल्या झाडीच्या, बऱ्या मातीच्या पाणलोटाला 60 हा आकडा धरला आणि उघड्या, दबलेल्या खाणपट्ट्याला 85 धरला. 80 मिमी पाऊस पडला. पहिल्या जमिनीवरून सुमारे 10 मिमी पाणी वाहून जातं, दुसऱ्यावरून सुमारे 43.5 मिमी. एका हेक्टरवर 1 मिमी म्हणजे 10 हजार लिटर. म्हणजे एका पावसात हेक्टरी तीन लाख लिटरपेक्षा जास्त पाणी, जे मुरायला हवं होतं, ते गढूळ होऊन खाली गेलं. दोन्ही आकडे वर्षाच्या बेरजेत 'प्रवाह' म्हणूनच धरले जातात.

ते पाणी एकटं जात नाही, गाळ घेऊन जातं. बारीक गाळ ओढ्याच्या तळातल्या वाळू-गोट्यांच्या फटी बुजवतो. तळ बुजला की खालून येणाऱ्या पाझराचा मार्ग आवळला जातो आणि भूजल असूनही ओढ्यात उतरत नाही. म्हणून खाणीखाली गाळ थोपवायचे तलाव बांधतात. त्यांचं गणित सोपं आहे, पण ते पुष्कळदा चुकीच्या टोकाने केलं जातं. तलाव किती खोल यापेक्षा पाण्याचा पृष्ठभाग किती, हे महत्त्वाचं. 0.02 मिमीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण 0.36 मिमी खाली बसतो. सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी येत असेल तर असा कण बसवायला निदान 1,400 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, आणि आत येणाऱ्या पाण्याचा भोवरा, वारा, कोपऱ्यात साचलेलं मृत पाणी धरून त्याहून बराच जास्त. त्याच्या दहावा भाग आकाराचा चिकणमातीचा कण मात्र शंभर पट सावकाश बसतो. तो नुसत्या तलावाने थांबत नाही. मोठ्या पावसात सांडव्यावरून जाणारं पाणी तांबडं किंवा राखाडी दिसतं ते याच कणांमुळे.

डंपाखाली गाडलेला ओढा

इथे गोष्ट उलटी फिरते. फोडलेला खडक मूळ जागेपेक्षा साधारण 20 ते 40 टक्के जास्त जागा खातो. खड्ड्यात परत न मावणारा माल कुठेतरी टाकावा लागतो (त्याचा ढीग म्हणजे डंप), आणि डोंगराळ भागात तो घळीत जातो. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगररांगेत कोळशासाठी डोंगरमाथे उडवून दऱ्या भरल्या गेल्या. तिथल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मड रिव्हरच्या पाणलोटांचा बारकाईने अभ्यास झालाय. दिसलं असं की भरलेल्या दरीखालचा पायाप्रवाह वाढला आणि वादळी पावसातले उसळणारे लोंढे कमी झाले. फोडलेल्या दगडांचा तो ढीग स्पंजासारखा पाणी धरतो आणि संथपणे सोडतो. पूर्वी कोरडे पडणारे लहान ओहोळही त्यामुळे वाहते राहिले.

हे वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. त्या ढिगाऱ्यात खडकाचे ताजे तुकडे आहेत, त्यांचा एकूण पृष्ठभाग अफाट आहे आणि पाणी त्यांच्यात बराच काळ घालवतं. बाहेर येताना ते सल्फेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. मध्य अ‍ॅपलेशियातल्या ओढ्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2011 मध्ये विद्युतवाहकतेची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या मापाची, 300 मायक्रोसिमेन्स प्रति सेमी ही पातळी मांडली. त्यावर गेलं की तिथले संवेदनशील जलकीटक नाहीसे व्हायला लागतात. दरी भरलेल्या ओढ्यांत हजारच्या पुढचे आकडे मिळतात. कोरड्या दिवसांत ओढ्यात जे वाहतं ते जवळजवळ सगळं याच ढिगाऱ्यातलं असतं, पातळ करायला पावसाचं पाणी नसतं. प्रवाह टिकला, पण ओढा टिकला नाही. म्हणून नुसता प्रवाह किंवा नुसती वाहकता नोंदवून भागत नाही. एकाच जागी, एकाच वेळी दोन्ही घ्यावीत आणि त्यांचा गुणाकार पाहावा, म्हणजे एकूण किती क्षार वाहून जातायत त्याचा अंदाज येतो.

दरी भरलेली नाही, नुसती खडकाळ खाण आहे, तिथे हाच नियम लावू नये. डंप कशाचा आहे यावर सगळं ठरतं. वालुकाश्माच्या मोठ्या तुकड्यांचा डंप पाणी पितो. शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) किंवा मातीचा डंप वरून पापडासारखा बसतो आणि पाणी उडवून लावतो. डंपाच्या पायथ्याशी पाऊस थांबल्यावर आठवड्याने झिरपा दिसतो का, हे बघितलं की निम्मं उत्तर मिळतं.

उपसा, आणि उशिरा येणारा फटका

खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लागतात. पंप चालले की खड्ड्याभोवती भूजलाची पातळी फनेलसारखी खचते. त्या उताराच्या कक्षेत ओढा आला की आधी पाझर कमी होतो, मग उलटा होतो. ज्या ओढ्याला जमीन पाणी द्यायची, तोच जमिनीला पाणी द्यायला लागतो. पातळी आणखी खाली गेली आणि तळ व भूजल यांच्यामध्ये कोरडा थर आला, तर ओढा भूजलापासून तुटतो. तुटल्यावर खड्डा कितीही खोल केला तरी त्या भागातली गळती फारशी वाढत नाही. 'उपसा दुप्पट केला तरी ओढ्याचं नुकसान तेवढंच आहे' असा पुरावा कोणी दिला, तर त्याचा अर्थ ओढा आधीच तुटलेला आहे, असाही असू शकतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त गैरसमज होतो तो वेळेबाबत. पंप सुरू झाला की ओढा लगेच घटत नाही. सुरुवातीला पंप जे उपसतो ते खडकात साठलेलं पाणी असतं. ओढ्याच्या वाट्याचं पाणी किती काळाने तुटायला लागेल याचा अंदाज बांधायला जुनी, भरवशाची पद्धत आहे: ओढ्यापासूनच्या अंतराचा वर्ग, गुणिले साठवण गुणांक (पातळी खचली की खडक किती पाणी सोडतो), भागिले खडकाची वहनक्षमता (खडकातून पाणी किती सहज वाहतं). अंतर 500 मीटर, साठवण गुणांक 0.1, वहनक्षमता दिवसाला 100 चौरस मीटर असेल तर उत्तर येतं 250 दिवस. इतके दिवस सलग पंप चालल्यावर उपशाच्या दरापैकी जवळजवळ 48 टक्के ओढ्यातून येत असतात. अंतर दुप्पट, म्हणजे 1,000 मीटर केलं तर कालावधी चौपट होतो, 1,000 दिवस. हा हिशोब सरळ ओढा, एकसारखा खडक अशा आदर्श गोष्टी धरून चालतो. भेगाळ खडकात तो मागे-पुढे होतो. पण आकड्याची जात त्यातून कळते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली: खाण सुरू झाल्यावर एक वर्ष मोजून 'ओढ्यावर परिणाम नाही' असं म्हणणं चूक आहे. एका वर्षात परिणाम पोहोचलेलाच नसेल. दुसरी त्याहून महत्त्वाची: पंप बंद केल्यावरही ओढ्याची घट बराच काळ मागे राहते, कारण आधी ते फनेल भरावं लागतं. उपसा थांबला त्याच दिवशी मोजणी थांबवणं म्हणजे पंचनामा अर्ध्यात सोडणं.

उपसलेलं पाणी जातं कुठे? बहुतेक वेळा त्याच ओढ्यात, थोडं खाली. मग खालच्या पुलापाशी मोजणारा माणूस म्हणतो, ओढा छान वाहतोय. वरच्या दोन किलोमीटरमध्ये तो कोरडा असतो. म्हणून पंपाच्या विसर्गाच्या वर एक मोजणी आणि खाली एक मोजणी, आणि खालच्या आकड्यातून विसर्ग वजा, हा साधा नियम पाळावा. हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं त्याचं उदाहरण जर्मनीतली श्प्रे नदी. लाउझित्स भागातल्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींमधून उपसलेलं भूजल कित्येक दशकं या नदीत सोडलं गेलं. नदी, तिच्या काठची पाणथळं आणि खाली बर्लिनचा पाणीपुरवठा त्या पाण्याला सरावले. जर्मनीने कोळशातून बाहेर पडायचं शेवटचं वर्ष 2038 ठरवलंय. खाणी बंद होतील तसा हा उसना प्रवाह कमी होणार, आणि वर रिकामे खड्डे व खचलेलं भूजल भरायलाही पाणी लागणार. खाण नदीला दोनदा तहानेला लावते, ते असं.

चुनखडी आणि तिच्यासारखाच पाण्यात विरघळून पोकळ्या पडणारा डोलोमाइट खडक, यांच्यात प्रकार आणखी अवघड. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खोल खाणींसाठी डोलोमाइटमधलं पाणी उपसलं गेलं. मोठमोठे झरे आटले, जमिनीत विवरं पडली. डिसेंबर 1962 मध्ये एका विवराने खाणीचा दगड फोडायचा कारखाना गिळला आणि 29 माणसं गेली. तिथली वंडरफॉन्टेनस्प्रुट ही नदी पुन्हा त्याच रिकाम्या डोलोमाइटमध्ये मुरू नये म्हणून तिला लांबलचक पाइपात घालावं लागलं. नदी वाचवायला नव्हे, खाण कोरडी ठेवायला.

जमिनीखालून कोळसा काढताना वर खड्डा दिसत नाही, त्यामुळे ओढ्याला धोका नाही असं वाटतं. लाँगवॉल पद्धतीत कोळशाचा अख्खा पट्टा काढून छत कोसळू देतात. वरचा खडक वाकतो, आणि दरीच्या तळाशी ताण एकवटून ओढ्याचा खडकाळ तळ तडकतो. सिडनीच्या पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटातल्या वॉराटा ओहोळावर हे घडलंय: डोह रिकामे झाले, पाणी भेगांतून खाली गेलं आणि पुढे कुठेतरी लोहाचा नारिंगी थर घेऊन वर आलं. अशा जागी पावसात किंवा उपशात फारसा बदल नसतो. फक्त पाणी तळाखालून चालतं. भेगांत पॉलियुरेथेनचा मसाला भरून काही डोह पुन्हा धरतात, पण भेगांचं जाळं खोलवर गेलेलं असेल तर पाणी दुसरी वाट शोधतं.

मोजायचं कसं

लहान ओढ्याला सर्वांत विश्वासू साधन म्हणजे 90 अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे ओढ्यात आडवा बसवलेला, V आकाराची खाच असलेला पत्रा. प्रवाह घनमीटर प्रति सेकंद हवा असेल तर खाचेच्या टोकापासूनची पाण्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा 2.5 वा घात करायचा आणि 1.38 ने गुणायचं. 5 सेमीला सेकंदाला 0.8 लिटर, 10 सेमीला 4.4, 15 सेमीला 12, 20 सेमीला जवळपास 25 लिटर. या वाढीतच त्याची नाजूकताही आहे. 15 सेमीच्या ठिकाणी 5 मिमी कमी वाचलं की प्रवाहात 8 टक्के चूक. उंची खाचेवर मोजायची नाही, तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतर मागे, शांत पाण्यात पट्टी लावायची. खाचेची कडा पातळ आणि धारदार असावी. खाली पडणारी धार पत्र्यापासून सुटी, मागे हवा खेळती हवी. 5 सेमीपेक्षा कमी पाण्यात धार पत्र्याला चिकटते आणि सूत्र लागू पडत नाही. तेवढा बारीक प्रवाह असेल तर धार बादलीत धरायची आणि घड्याळ लावायचं.

खाणीखाली व्ही-नॉच बिघडतो तो गाळाने. मागचा डोह भरला की पाणी वेगाने खाचेकडे येतं, उंची खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि प्रवाह कमी नोंदला जातो. मोठ्या पावसानंतर फावडं घेऊन डोह मोकळा करणं हा मोजणीचाच भाग आहे. आणि काढण्याआधी गाळाची जाडी नोंदवावी, म्हणजे मागच्या किती नोंदी संशयास्पद ते कळतं.

सेन्सर लावून दर पंधरा मिनिटाला पातळी नोंदवणारी यंत्रं आता सगळीकडे आहेत. त्यातली नेहमीची चूक: सेन्सर पाणी आणि हवा दोन्हींचा दाब मोजतो. हवेचा दाब 10 हेक्टोपास्कलने बदलला की पाण्याची पातळी 10 सेमी बदलल्यासारखी दिसते. बाहेर हवेत दुसरा सेन्सर ठेवून त्याची नोंद वजा केली नाही तर वादळ आलं-गेलं की कागदावर पूर येतो-जातो. सेन्सरला शेजारची साधी पट्टी साक्षीदार म्हणून हवीच.

खडकाळ, उसळत्या ओढ्यात बंधारा घालता येत नाही तिथे मीठ वापरतात. मोजून घेतलेलं मीठ बादलीत पूर्ण विरघळवून ओढ्यात एकदम ओतायचं आणि रुंदीच्या 20-25 पट खाली वाहकता दर पाच सेकंदाला टिपायची. मूळ वाहकतेपेक्षा प्रत्येक वेळी जितकी वाढ, ती पाच सेकंदांनी गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. समजा 500 ग्रॅम मीठ टाकलं आणि बेरीज 20,000 आली. एका मायक्रोसिमेन्सला लिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम मीठ धरलं तर 5,00,000 भागिले 10,000, म्हणजे सेकंदाला 50 लिटर. हा 'अर्धा' आकडा त्याच ओढ्याच्या पाण्यात मीठ घालून तपासून घ्यावा. खाणीखालच्या ओढ्याची मूळ वाहकताच दीड हजार असू शकते आणि पंप सुरू-बंद झाला की ती दर काही मिनिटांनी हलते. मूळ रेषा स्थिर नसेल त्या दिवशी ही पद्धत सोडून द्यावी.

ओढा पाणी घेतोय की देतोय, हे कळायला फार महागडं काही लागत नाही. 25 मिमीची नळी, खालच्या 10 सेमीला बारीक भोकं आणि त्यावर जाळी, ती ओढ्याच्या तळात 60 सेमी ठोकायची. आत थोडं पाणी ओतायचं. ते हलकेच खाली बसलं तर जाळी मोकळी आहे. अर्ध्या तासाने, किंवा पातळी थांबल्यावर, नळीतल्या पाण्याची आणि बाहेरच्या ओढ्याची पातळी ताडून पाहायची. आतली पातळी वर असेल तर जमीन ओढ्याला पाणी देतेय, खाली असेल तर ओढा जमिनीला. समजा आतली 3 सेमी खाली आहे. 3 भागिले 60, म्हणजे उतार 0.05. तळाची पाणी वाहू देण्याची क्षमता सेकंदाला 0.0001 मीटर असेल तर दोन मीटर रुंद ओढा 500 मीटर लांबीत सेकंदाला 5 लिटर गमावतोय. तळ दहा पट घट्ट असेल तर अर्धा लिटर. म्हणून नळीवरून दिशा सांगावी, प्रमाण सांगताना जपून राहावं.

प्रमाणासाठी कोरड्या दिवसात, पाऊस थांबून निदान आठवडा झाल्यावर, एकाच दिवशी वरून खाली पाच-सहा ठिकाणी प्रवाह मोजतात. मध्ये येणारे सगळे ओहोळ आणि पंपाचे विसर्गही. दोन ठिकाणांमधला फरक मोजणीच्या चुकीपेक्षा मोठा असला तरच बोलायचं. वर 50 लिटर आणि खाली 46 लिटर, आणि प्रत्येक मोजणीत 5 टक्के चूक संभवते: यातून काहीही सिद्ध होत नाही. 50 आणि 35 असेल तर होतं.

आणि एक अट, जिच्याशिवाय हा सगळा नुसता आकड्यांचा ढीग होतो. शेजारचा, तसाच खडक, तसाच उतार, तशीच झाडी असलेला, खाण नसलेला पाणलोट सोबत मोजायचा, आणि खाण सुरू होण्याआधीपासून मोजायचा. दोन्हींचे जमत गेलेले प्रवाह एकमेकांसमोर मांडले की सरळ रेषा येते. खाणीनंतर रेषा कुठे वाकली, ते वर्ष आणि तो महिना दिसतो. आधीची निदान दोन-तीन वर्षं नसतील तर दुष्काळ कोणता आणि खाण कोणती, हे वेगळं काढायला कोणताही संगणक कामाला येत नाही. ही पूर्वनोंद खर्च वाचवायला गाळली जाते, आणि पुढचे सगळे वाद तिथूनच जन्मतात.

बुजवताना, आणि बुजवल्यावर

पाणी पुन्हा मुरावं असं वाटत असेल तर शेवटचा सव्वा मीटर सैल ठेवायचा. खालचा भराव दाबावा लागतो, तो घसरू नये म्हणून. पण वरचा 1.2 मीटर थर डंपरने ढीग टाकत जायचा आणि डोझरने एकदोनदाच हलका पसरायचा. 'छान सपाट, गुळगुळीत' करायचा मोह हाच शत्रू आहे. अ‍ॅपलेशियात झाडं पुन्हा लावण्याची जी पद्धत रूढ झाली तिचा गाभा हाच आहे. ओल्या मातीवर यंत्र घालू नये, कारण दाबून घट्ट होण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त. आधीच दाबली गेली असेल तर समपातळीत खोल नांगरट करावी, तीही माती कोरडी असताना. ओलीत नांगर फक्त चिकण खाचा पाडतो.

खड्डा तसाच सोडला तर तळं होतं, आणि तळ्याची किंमत ओढा मोजतो. 10 चौरस किमीच्या पाणलोटात खड्ड्याने दीड चौरस किमीचं पाणी आत ओढलं, तर 15 टक्के पाणलोट ओढ्यापासून तुटला. शिवाय 40 हेक्टरच्या तळ्यावरून वर्षाला एक मीटर निव्वळ बाष्पीभवन झालं तर ते 4 लाख घनमीटर, म्हणजे वर्षभर अखंड सेकंदाला जवळपास 12.7 लिटर. ज्या ओढ्याचा कोरड्या दिवसातला प्रवाह 30 लिटर आहे, त्याला हे सोसवत नाही.

पंप बंद झाल्यावर पाणी चढत राहतं, वर्षानुवर्षं. अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट गावच्या बर्कली पिट या तांब्याच्या उघड्या खाणीत पंप 1982 मध्ये थांबले. पाणी आजूबाजूच्या भूजलात आणि ओढ्यात सांडू नये म्हणून ते उपसून, शुद्ध करून सोडायला 2019 मध्ये सुरुवात करावी लागली. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला वेस्ट रँड भागातल्या सोडलेल्या सोन्याच्या खाणींतून 2002 मध्ये आम्लयुक्त पाणी आपोआप वर आलं आणि ओढ्यांत उतरलं. असं पाणी कुठे बाहेर पडेल हे आधी काढता येतं. खाणीला जोडलेले सगळे बोगदे, शाफ्ट, जुनी बोअरं, बुजवलेल्या घळी नकाशावर मांडायच्या आणि त्यातलं सर्वांत खालचं तोंड शोधायचं. त्या तोंडाची उंची ही शेवटची पाणीपातळी. खडकात गंधक असेल तर दर एक टक्का गंधकाला टनामागे, मारायला 31.25 किलो चुनखडी लागेल इतकं आम्ल तयार होऊ शकतं, हा हिशोब त्याच कागदावर शेजारी मांडायचा. मग व्ही-नॉच त्या तोंडाखाली, पाणी यायच्या आधीच बसवून ठेवायचा, आणि भूजलाची पातळी चढत त्या उंचीच्या खाली पाच मीटरवर आली की दर आठवड्याला तिथे जायला लागायचं.